पायाखालचं उधना : प्रस्तावना

उधन्यात जन्मलेल्या मराठी मुलाला गाव कुठलं विचारलं, की तो शिंदखेडा सांगतो, अमळनेर सांगतो, नंदुरबारकडचं एखादं खेडं सांगतो. त्या गावी तो दिवाळीत आणि मे महिन्यात जातो. बाकीचं वर्ष तो सुरतेच्या उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या पट्ट्यात काढतो, इथल्या शाळेत शिकतो, इथल्या गल्लीत खेळतो, पण या जागेला तो आपलं गाव म्हणत नाही. ही बापाच्या कामाची जागा. बाप संच्यावर, म्हणजे यंत्रमागावर, नाहीतर डाईंगमध्ये, पाळी बारा तासांची. आई घरबसल्या साड्यांचे धागे कापते, खडे चिकटवते. घरात अहिराणी, शाळेत मराठी, दुकानात गुजराती, शेजारी हिंदी किंवा उडिया. एवढं सगळं त्या मुलाच्या पदरात असतं आणि तरीही इथं आपलं काय आहे, हा प्रश्न त्याच्या बोलण्यात डोकावत राहतो.

या प्रश्नाला स्काऊटिंगकडे हाताने करून बघायचं उत्तर आहे, असं मी फार पूर्वीपासून मानत आलो आहे. स्काऊटचा अभ्यासक्रम प्रवेशापासून प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान असा चढत जातो. पुढे राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती पुरस्कार. त्यात गाठी आहेत, प्रथमोपचार आहेत, उघड्यावरचा स्वयंपाक आहे, होकायंत्र आणि नकाशा आहे. या सगळ्यामागे मुलाकडे मागणं एकच आहे : तू जिथे उभा आहेस ती जागा नीट ओळख, आणि तिथे कुणाच्या तरी उपयोगी पड. त्यासाठी जंगलच लागतं असं नाही. उधन्याची गल्लीही चालते, आणि माझ्या मते ती अधिक शिकवते.

पुढच्या पानांत उधन्यातल्या पथकासाठी जून ते मे असा वर्षाचा कार्यक्रम लावला आहे. तो लावताना परिपत्रकांचा क्रम धरलेला नाही. इथल्या वस्तीचं वर्ष ज्या गोष्टींनी ठरतं त्यांचा धरला आहे : खाडीचं पाणी, सण, संचे बंद पडण्याचे दिवस, गावी जाणाऱ्या गाड्या. तो तसा का धरला, हे आधी सांगायला हवं.

१९०७ च्या ऑगस्टमध्ये स्काऊटिंगचे जनक बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यालगतच्या ब्राउनसी बेटावर पहिलं शिबिर घेतलं, तेव्हा त्यांच्याकडे वीसेक मुलं होती. काही श्रीमंतांच्या निवासी शाळांतली, काही पूल आणि बोर्नमथ या गावांतल्या कामकरी घरांतली. बेडन-पॉवेल यांनी त्यांचे चार संघ केले आणि दोन्हीकडची मुलं प्रत्येक संघात मिसळली. त्या काळच्या इंग्लंडात ही लहान गोष्ट नव्हती. तंबू, शेकोटी, गणवेश या गोष्टी लोकांना आठवतात. मला त्या शिबिरातली ही सरमिसळ सगळ्यात मोलाची वाटते.

भारतात १९०९ साली बंगळूरला पहिलं पथक निघालं, पण सुरुवातीला ते गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन मुलांपुरतं होतं. भारतीय मुलांना दार बंद. तेव्हा १९१६ मध्ये मद्रासला ॲनी बेझंट आणि जॉर्ज अरुंडेल यांनी भारतीय मुलांसाठी वेगळी संघटना काढली. तिकडे अलाहाबादला मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांनी सेवा समितीचं स्काऊटिंग उभं केलं. सेवा समितीचं काम मेळ्यांतल्या आणि यात्रांतल्या गर्दीत वाढलं : हरवलेल्यांना शोधणं, पाणी देणं, आजाऱ्याला उचलणं. आपल्याकडच्या स्काऊटिंगची ही नाळ मला विसरता येत नाही, कारण उधन्याला गर्दी म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. स्वातंत्र्यानंतर हे सगळे प्रवाह एकत्र येऊन ७ नोव्हेंबर १९५० ला भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही संस्था झाली. पुढच्या वर्षी १५ ऑगस्टला मुलींची गाईड संघटनाही तिच्यात आली. या संस्थेच्या रचनेत रेल्वेची स्वतंत्र राज्यं आहेत, राज्य सरकारांच्या शाळांतल्या पथकांपासून वेगळी, आणि पश्चिम रेल्वे हे त्यांतलं एक. उधना जंक्शन पश्चिम रेल्वेच्या मुंबई विभागात येतं. म्हणजे उधन्यातल्या मुलाला स्काऊट होण्याचे दोन रस्ते आहेत, शाळेचा आणि रेल्वेचा.

सहा ते आठ मुलांचा एक संघ, त्यांच्यातलाच एक संघनायक, आणि जास्तीत जास्त चार संघांचं एक पथक. शिक्षक पथकाला शिकवतो, पण काम संघ करतो. सुरत महानगरपालिकेच्या शाळा गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा सात माध्यमांतून चालतात. मुलं एकाच गल्लीत राहतात आणि सकाळी सात दिशांना जातात. त्यांना एका संघात आणणारं स्काऊटिंगखेरीज दुसरं काही माझ्या पाहण्यात नाही. संघाचं काम शिट्टीवर चालतं. एक लांब शिट्टी म्हणजे सावध, तोकड्या भराभर शिट्ट्या म्हणजे एकत्र या, तीन तोकड्या आणि एक लांब म्हणजे संघनायकांनी धावत यावं. ती कळायला कुठलीच भाषा यावी लागत नाही. म्हणून या पुस्तिकेचा आग्रह आहे की मराठी शाळेतल्या पथकानेही वस्तीतल्या कामासाठी शेजारच्या उडिया किंवा हिंदी शाळेतल्या पथकाला बरोबर घ्यावं.

वर्ष जूनमध्ये शाळेबरोबर सुरू होतं, आणि जून म्हणजे खाडी. सुरतेच्या पुराचं नाव काढलं की लोक तापी आणि उकाई धरण सांगतात. ते खरंच आहे. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईतून सोडलेल्या पाण्याने शहराचा मोठा भाग बुडाला होता. पण लिंबायत-उधन्याच्या माणसाला दरवर्षी भीती असते ती खाडीपुराची. मिठी खाडी, भेदवाड खाडी या पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या वाटा. वरून जोराचा पाऊस आला आणि खाली भरती असली की पाणी तुंबून घरात शिरतं. बातमी होते ती शहराच्या पुराची, खाडीपुराचा चिखल मात्र ज्याचा त्याने काढायचा.

इथे पथकाने काय करावं याबद्दल माझं मत ठाम आहे. मुलांना पुराच्या पाण्यात उतरवायचं नाही. त्या पाण्यात उघडी गटारं असतात, विजेच्या तारा असतात, आणि दक्षिण गुजरातेत पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतोच. मुलांचं काम पाणी येण्याच्या आधीचं आणि ओसरल्यानंतरचं. आधीचं म्हणजे नकाशा. प्रत्येक स्काऊटने आपलं पाऊल किती लांब पडतं ते मोजायचं, पावलांनी गल्ली मापायची आणि होकायंत्र धरून ती कागदावर उतरवायची. मग त्या कागदावर भरायचं : मागच्या वर्षी पाणी कुठल्या घराच्या कितव्या पायरीपर्यंत आलं, कुठल्या घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, कुठे बाळंतीण आहे, गच्ची कुणाची मोठी, विजेचा मुख्य खटका कुठे, जवळचं आरोग्य केंद्र कुठे, अग्निशमन दल कुठे. हे विचारायला मुलगा दारोदार जातो, तेव्हा ज्या जागेला तो केवळ बापाच्या कामाची जागा समजत होता तिथली माणसं त्याला नावानिशी माहीत होतात. द्वितीय सोपानापर्यंत आलेलं कुठलंही मूल हे करू शकतं. आणि हा नकाशा पावसाआधी वॉर्ड कार्यालयाला नेऊन दिला, तर मोठ्यांच्याही कामाला येतो.

ओसरल्यानंतरचं काम पाण्याचं आणि मिठा-साखरेचं. पाणी उकळायचं किती, क्लोरीनच्या गोळीनंतर थांबायचं किती, एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून जुलाब झालेल्या लेकराला घोट घोट कसं द्यायचं, हे स्काऊटने घराघरांत करून दाखवायचं. तोंडी सांगून उपयोग नाही. आयांना करून दाखवलेलं लक्षात राहतं.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी येते. खानदेशातून आलेल्या घरांसाठी हा वर्षातला सगळ्यात मोठा दिवस, आणि लिंबायत-उधन्याकडे दुसऱ्या दिवशी विसर्जनाच्या मिरवणुका निघतात तेव्हा रस्ता पायांनी भरून जातो. पाठोपाठ गणपती. सुरतेत आता विसर्जनासाठी महापालिका कृत्रिम तलाव करते. निर्माल्य वेगळं काढणं आणि हरवलेल्या मुलांची राहुटी सांभाळणं ही दोन कामं पथकाने नेहमीसाठी आपली समजावीत. गळ्यातला स्काऊटचा रुमाल तिथे खऱ्या अर्थाने कामाला येतो. तो उलगडला की त्रिकोणी पट्टी होते. मुरगळलेल्या हाताला झोळी होते, डोक्याची जखम बांधता येते. सहा रुमाल एकमेकांना बांधले तर गर्दीत लहान मुलांना धरून न्यायला दोरही होतो.

गाठींचा विषय याच दिवसांत शिकवावा असं सुचवलं आहे, आणि त्याला इथे एक खास कारण आहे. जाड दोराला बारीक दोर जोडायची जी गाठ प्रत्येक स्काऊटला शिकावी लागते, तीच विणकराची गाठ. संच्यावर ताण्याचा धागा तुटला की कामगार तो त्याच गाठीने जोडतो, डोळ्याचं पातं लवेपर्यंत. तेव्हा ही गाठ शिकवायला पुस्तक उघडू नये; एखाद्या मुलाच्या वडिलांना बोलवावं. कारखान्यात संच्यांच्या आवाजात आयुष्य गेलेला माणूस मुलांसमोर उभा राहून बोटांची ती चलाखी दाखवतो, आणि त्याचं पोर पहिल्यांदा बापाच्या कामाकडे कौशल्य म्हणून बघतं. माझ्या लेखी या एका तासाची किंमत पुष्कळ पदकांहून जास्त आहे.

दिवाळीत संचे थांबतात, मार्केट बंद होतं, गुजरातेत शाळांना एकवीस दिवसांची सुट्टी लागते आणि सगळं उधना स्टेशनाकडे निघतं. आपली माणसं नंदुरबार-जळगावच्या गाडीला, बाकीची छठपूजेसाठी उत्तर प्रदेश-बिहारच्या गाड्यांना. तापी खोऱ्याची ही रेल्वे १९०० च्या सुमाराला सुरू झाली. उधना ते जळगाव तीनशे किलोमीटरांची ती वाट हेच या वस्तीच्या जन्माचं एक कारण. अलीकडे सुरत स्थानकाचं बांधकाम चालू असल्याने पुष्कळ गाड्या उधन्याहून सुटू लागल्या आणि इथली गर्दी आणखी वाढली. ही गर्दी जीव घेऊ शकते. ११ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरत स्थानकावर बिहारकडे जाणाऱ्या गाडीच्या रेटारेटीत एक प्रवासी दगावला.

गर्दी आवरणं हे पोलिसांचं काम, मुलांचं नव्हे. पण रेल्वेच्या स्काऊटांनी फलाटावर पाणी देण्याची चांगली परंपरा देशभर आहे, आणि उधन्यातल्या मुलाकडे पाण्याहून मोठी एक वस्तू आहे : त्याच्या चार भाषा. गंजामकडच्या म्हातारीला गाडी कुठल्या फलाटावर लागणार हे उडियात सांगणारं, छपऱ्याच्या माणसाला रांग कुठून सुरू होते हे त्याच्या बोलीत सांगणारं, साक्रीच्या बाईला डबा दाखवताना अहिराणीत 'मावशी' म्हणणारं पोर या फलाटावर सहज सापडेल. बाहेरून आणलेल्या कुठल्याही स्वयंसेवकाला हे जमणार नाही. रेल्वेची रीतसर परवानगी, बरोबर दोन मोठी माणसं, फलाटाच्या कडेपासून दूर बसलेलं चौकशीचं टेबल आणि दोन तासांची पाळी, एवढी पथ्यं पाळून हे काम करावं. मूल स्वतः गावी निघण्याच्या आदल्या दिवसापर्यंत इथे उभं राहू शकतं.

थंडी शिबिरांची. मोकळी मैदानं या भागात फार नाहीत. म्हणून आठवड्याच्या सभेसाठी बेडन-पॉवेल यांचे सहा व्यायाम पुढे चित्रांसह दिले आहेत, ते सतरंजीएवढ्या जागेत होतात. पण वर्षातून एकदा तरी मुलांना डोंगर दाखवलाच पाहिजे, आणि त्यासाठी सोनगडासारखी दुसरी जागा नाही. उकाई-सोनगड हे याच रेल्वेवरचं स्टेशन. ज्या गाडीने मुलं झोपेत किंवा खिडकीत बसून गावी जातात, त्याच वाटेवर अठराव्या शतकात पिलाजीराव गायकवाडांनी आपलं ठाणं केलेला गड आहे. बडोद्याच्या आधी गायकवाडांचं घराणं इथून उभं राहिलं. मुलांनी हा गड वर्षानुवर्षं खिडकीतून पाहिलेला असतो, चढलेला नसतो. सकाळच्या गाडीने जावं, माग काढण्याच्या खुणा लावत वर चढावं, चूल मांडून खिचडी करावी, दिशा ओळखाव्यात, संध्याकाळी परतावं. तृतीय सोपानाच्या मुलांना आणखी पुढे, नवापूरपर्यंत नेता येतं. तिथलं स्टेशनच दोन राज्यांत आहे. गुजरात आणि महाराष्ट्राची हद्द फलाटावरून जाते. दोन्ही राज्यांत ज्यांचं घर आहे अशा मुलांना हद्द म्हणजे काय हे तिथल्या बाकावर बसून समजतं.

जानेवारीत उत्तरायण. १४ तारखेच्या आगेमागे मांज्याने पक्षी कापले जातात आणि दुचाकीवरच्या माणसांचे गळेही. त्या दिवसांत सुरतेतल्या उड्डाणपुलांवर दुचाकींना बंदी घालावी लागते. गुजरात सरकारचं करुणा अभियान जखमी पक्ष्यांसाठी त्याच सुमारास चालतं. स्काऊटच्या नियमांत प्राण्यांशी मैत्री आहे, तेव्हा पथकाने पतंग उडवून झाल्यावर १६ जानेवारीला झाडांवरचा, तारांखालचा, गच्च्यांवरचा मांजा गोळा करून जाळावा. विजेच्या तारांवरचा मांजा मुलांनी काढू नये, तो वीज कंपनीला कळवावा. फेब्रुवारीची २२ तारीख ही बेडन-पॉवेल यांची जन्मतारीख. बहुतेक पथकं ती भाषणांनी साजरी करतात. त्या दिवशी भाषणांऐवजी मानसभा भरवावी : संघनायकांनी बसून वर्षभरात काय झालं आणि काय राहिलं ते स्वतः ठरवावं, शिक्षकाने ऐकावं.

उन्हाळ्यात एक विषय मला टाळता येत नाही. २४ मे २०१९ रोजी सुरतेच्या सरथाणा भागात तक्षशिला आर्केड या इमारतीला आग लागली आणि वरच्या मजल्यावर शिकवणीला बसलेल्या २२ विद्यार्थ्यांचे प्राण गेले. कित्येक मुलांना वरून उड्या टाकाव्या लागल्या. त्या मुलांचा यात काही दोष नव्हता. इमारत तशी होती, पुरेशी उंच शिडी वेळेवर पोचली नाही. पण तेव्हापासून माझी खात्री झाली आहे की अग्नीचा पाठ कुठल्याही पथकाने टाळू नये. ज्या वर्गात, ज्या शिकवणीत, ज्या खोलीत आपण रोज बसतो तिची दुसरी वाट कुठली? धूर झाला तर खाली वाकून, तोंडाला ओला रुमाल लावून कसं सरकायचं? कपड्यांनी पेट घेतला तर न धावता जमिनीवर कसं लोळायचं? साड्यांचे गठ्ठे दारात रचलेल्या घरांच्या वस्तीत हे प्रत्येक मुलाला येणं भाग आहे. एप्रिलच्या पानांत हा सराव पायरीपायरीने दिला आहे.

मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया येते, मे लागतो आणि पथक पांगतं. त्या महिन्यासाठी प्रत्येक स्काऊटला एक नोंदवही द्यायची : आजोळच्या विहिरीची खोली, पेरणीआधीची शेतातली कामं, गावातल्या सगळ्यात वयस्क माणसाने सांगितलेली सुरतेला येण्याची हकिकत. साने गुरुजींनी अमळनेरच्या छात्रालयातल्या मुलांसाठी 'छात्रालय' नावाचं दैनिक चालवलं, ते याच रेल्वेवरच्या गावात. आपल्या मुलांच्या वह्यांतून तसं काही उभं राहिलं तर मला मनापासून आनंद होईल.

एक तक्रार इथे मांडलीच पाहिजे. पुष्कळ ठिकाणी स्काऊटिंग प्रजासत्ताक दिनाच्या संचलनापुरतं आणि प्रमाणपत्रापुरतं उरलं आहे. रेल्वेच्या भरतीत स्काऊट-गाईडसाठी राखीव जागा असतात, त्यामुळे पालकांचं लक्ष प्रमाणपत्राकडे जातं हे समजण्यासारखं आहे. बारा तासांच्या पाळीतून पोरगं सुटावं असं कुठल्या बापाला वाटणार नाही? पण ज्याने गल्लीचा नकाशा कधी काढला नाही त्याच्या हातात राष्ट्रपती पुरस्कार देणं हा त्या मुलावरच अन्याय आहे. परीक्षा घेणाऱ्यांनी सैल राहू नये, एवढीच विनंती.

आणि मुली. १९०९ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला स्काऊटांच्या मेळाव्यात मुली न बोलावता येऊन उभ्या राहिल्या, त्यातून पुढच्या वर्षी गाईड सुरू झाल्या. भारतात १९११ साली जबलपूरला. उधन्यात दहा-बारा वर्षांची मुलगी धाकट्यांना सांभाळते, पाणी भरते, आईबरोबर खडे चिकटवते. तिला सभेला पाठवा म्हणणं सोपं, पण ती आली तर घरचं काम कोण करणार याचा विचार केल्याशिवाय ते पोकळ आहे. म्हणून गाईडची सभा दुपारी, घराजवळ, धाकट्या भावंडांना बरोबर आणायची मुभा ठेवून घ्यावी. ती भावंडं बसल्या जागी कब-बुलबुल, म्हणजे लहान वयाचे स्काऊट-गाईड, होऊ शकतात. मुक्कामी शिबिराला घरचे तयार नसतील तर दिवसाचं शिबिर घ्यावं. गाईडांचं पथक बाईंनीच चालवायचं असतं, तेव्हा खरी अडचण वेळ देणाऱ्या शिक्षिकेची आहे, आणि ती शाळेने त्यांचे इतर तास कमी करून सोडवावी.

सुरुवातीला फार काही लागत नाही. प्रत्येकाला तीन मीटर दोर, संघाला चार काठ्या, एक शिट्टी, एक होकायंत्र, औषधांची पेटी आणि जिल्हा संघाकडे पथकाची नोंद. गणवेश नंतर शिवला तरी चालतो. सहा मुलं आणि आठवड्यातून दोन तास देणारा एक माणूस मिळाला, की पहिला संघ येत्या जूनमध्ये उभा करता येईल.